फ्रीजवरचं आमंत्रण

१३ मे २००७
जॉर्जिया, अमेरिका

ती. मनोहरदादास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. वहिनीचे गुडघे आता बरे असतील. नागपूर भाजून निघत असेल. इथेही ऊन आहे, पण घरात एसी इतका, की मी मे महिन्यात स्वेटर घालून बसते. शंतनूचं हॉस्पिटल चांगलं चाललंय. गाव लहान, अटलांटापासून तीन तासांवर. घर मात्र भलंमोठं, आणि दिवसभर त्यात मी आणि टीव्ही.

नव्या घरासाठी तू माझ्याबरोबर दिलेला बाबासाहेबांचा फोटो कुठे लावला, असं विचारलंस. त्याचं पुढे लिहिते. आधी तुझ्या नातीचं.

अबोलीचं शाळेचं शेवटचं वर्ष. इथे वर्ष संपताना मुलामुलींचा नाच असतो, त्याला प्रॉम म्हणतात. कपडे, फुलं, भाड्याच्या गाड्या, लग्नघराइतकी धामधूम. या गावात प्रॉम दोन होतात. गोऱ्यांचा वेगळा आणि काळ्यांचा वेगळा. वर्षभर एका वर्गात बसणारी, एका टीममध्ये खेळणारी पोरं त्या संध्याकाळी दोन हॉलमध्ये जातात. शाळा हात झटकते, म्हणे हे पालकांचे खासगी कार्यक्रम आहेत. मला आधी खरंच वाटेना.

यंदा पोरांनीच ठरवलं, आता पुरे. अबोली, तिची काळी मैत्रीण केंड्रा आणि वर्गातली दोन गोरी मुलं प्रिन्सिपॉलकडे गेली. शाळेचा एकच प्रॉम हवा म्हणाली. खर्च तुम्ही जमवा, असं उत्तर मिळालं. मग शनिवारी चर्चच्या आवारात लोकांच्या गाड्या धुणं सुरू झालं. त्या दोन गोऱ्या मुलांतल्या एकाला बापाने घराबाहेर काढलं. तो काकाकडे राहून गाड्या धुवायला येत राहिला. आपली अबोली घरी ताट उचलत नाही, पण तिथे हाताची सालं निघेपर्यंत टायर घासायची.

आणि अशात तिला गोऱ्यांच्या प्रॉमचं आमंत्रण आलं.

शंतनूचा आनंद तू बघायला हवा होतास. सोनेरी अक्षरांचं ते कार्ड त्याने फ्रीजवर चुंबकाने लावलं, आल्यागेल्याला दिसेल असं. मला म्हणाला, "आई, इतकी वर्षं इथे काढली, आता कुठे त्यांनी आपल्याला त्यांच्यातलं मानलं."

अबोली म्हणाली, "बाबा, दे इन्व्हाइटेड मी. नॉट केंड्रा. आय ॲम नॉट गोइंग."

"त्यांच्या भांडणात तू कशाला पडतेस? आपला काय संबंध?"

आपला काय संबंध. दादा, माझ्या पोटच्या पोराच्या तोंडचं वाक्य आहे हे. मी जेवण टाकून उठले.

आता फोटोचं सांगते. तो कपाटात आहे, माझ्या साड्यांखाली. आले त्याच दिवशी शंतनू म्हणाला, अटलांटाची मराठी मंडळी वीकेंडला येतात, उगाच प्रश्न विचारतात. आडनाव त्याने इथे आल्यावर बदललं, ते तुला ठाऊक आहेच. सोयीसाठी असेल, असं आपण धरून चाललो. सोय कसली ते इथे येऊन कळलं. फोनवर तुझ्याशी बोलताना सुरुवातीचा शब्द घेऊ नकोस, हॅलो म्हण, हेही त्यानेच सांगितलं. हल्ली मी कोरडी बोलते असं वहिनी म्हणते ना, ते यामुळे.

त्या संध्याकाळी अबोली रडतरडत माझ्या खोलीत आली. "आजी, बाबा एवढे का घाबरतात? हू आर वी?"

मी फोटो बाहेर काढला आणि सगळं सांगितलं. गावच्या हॉटेलाबाहेर आपल्यासाठी वेगळे कप टांगलेले असायचे. तू आणि तुझे कॉलेजचे मित्र आत जाऊन आतल्या कपांतून चहा प्यालात, बाहेरचे फोडलेत आणि मार खाल्लात. तुझ्या कपाळावरची खूण तेव्हाची. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "बट बाबा सेड, मनोहरआजोबा सायकलवरून पडले होते."

दादा, माझ्या मुलाने तुझ्या रक्ताची सायकल करून टाकली. मला फार लागलं ते.

काल मुलांचा एकत्र प्रॉम झाला. शंतनू नेणार नाही म्हणाला, तेव्हा राधिकाने गाडीची किल्ली उचलली. इतक्या वर्षांत सुनेचा एवढा अभिमान मला पहिल्यांदा वाटला. गोऱ्यांचा खासगी प्रॉमही आठवड्यापूर्वी थाटात झालाच. कालच्याला गोरी मुलं मोजकीच आली. घराबाहेर काढलेला मुलगा मात्र आला आणि केंड्राबरोबर नाचला.

आज सकाळी अबोलीने फ्रीजवरचं कार्ड काढलं आणि हॉलमध्ये फोटो लावला. शंतनूने तो उतरवला. दुपारी पाहुणे यायचे होते. मग तिने तो आपल्या खोलीत लावला. ऑगस्टमध्ये कॉलेजला जाताना बरोबर नेणार म्हणते. म्हणजे या घराला तो मिळायचा नाहीच.

पाहुणे गेल्यावर शंतनू शांतपणे म्हणाला, "आई, तुझं तिकीट अलीकडचं करून देऊ का?" मी हो म्हटलं. आज इथे मदर्स डे आहे. टेबलावर त्याने आणलेली फुलं आहेत.

पत्राच्या वर नमस्कार लिहून गेले. खोडत नाही. दोन महिन्यांत या घराने मला काय शिकवलं ते तुलाही दिसू दे. पण शेवट कसा करायचा हे इथे मला कुणी सांगणार नाही.

जयभीम.

तुझी बहीण,
अहिल्या