चिठ्ठी नसलेलं पुस्तक

लातूर,
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

व्यंकट,

शरणार्थ. आमच्याकडे सगळं ठीक. सिंधुवहिनींचे गुडघे आता कसे आहेत? थंडीत त्यांना जास्त चालायला लावू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

तीन वर्षांनी माझा गठ्ठा बघून तू आधी तो कानाशी लावून हलवला असशील. फुटणारं तसलं काही नाही त्यात. एक पुस्तक आहे आणि हे पत्र. आपले गठ्ठे गुरुवारीच निघायचे, म्हणून आजच नांदेडच्या गाडीच्या पार्सलला टाकतोय. फोन करणार होतो. पण फोनवर तू नुसतं 'बोल' म्हणालास तरी मी हवापाण्याचं बोलून ठेवून दिलं असतं.

अक्षर एवढं मोठं का, असं विचारशील. तुझं वय झालं म्हणून. बहात्तर म्हणजे काही कमी नाही. मुद्दाम जाड स्केचपेन घेतलाय आणि प्रकाशकांच्या जुन्या याद्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय. पानावर आठ-दहा ओळीच बसतात, त्यामुळे ढीग झालाय. सोमवारपासून लिहितोय.

दुकानाचं म्हणशील तर सकाळी उघडतो, रात्री बंद करतो आणि मधल्या वेळात चिडतो. परवा एक प्राध्यापक आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, चहा घेतला, कादंबरीवर अर्धा तास बोलले. मला वाटलं, चला, आज एक तरी माणूस आला. तर उठताना म्हणतात, "आप्पा, याची पीडीएफ असंल की तुमच्याकडं? मला पाठवून द्या ना." पुस्तकाच्या दुकानात! मी म्हणालो, "सर, तुमचा पगार पण पीडीएफमधी घेता का?" तर ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. हल्ली मी चिडलो तरी लोक हसतात. एवढा बेजार झालोय या लोकांपायी.

पोरं-पोरी येतात. दहा पुस्तकं खाली काढतात, प्रत्येकाच्या मागच्या बाजूचा फोटो घेतात आणि विचारतात, "काका, यातलं चांगलं कोणतं?" मी सांगतो. मग तिथंच उभ्या उभ्या ते पुस्तक फोनवर उतरवून घेतात, थँक्यू म्हणतात आणि जातात. दहा पुस्तकं परत कप्प्यात मी लावायची. सल्ला माझा, पुस्तक मोबाईलचं. उद्या देवळाच्या पायरीवर उभं राहून नारळही मोबाईलवरच फोडतील.

आणि मोबाईल स्वतःसुद्धा सल्ला देतो म्हणे. 'तुम्हाला हेही आवडेल.' आमच्या पोरानं, मृत्युंजयनं दाखवलं. मी विचारलं, यानं वाचलंय का हे? पोरगा म्हणतो, "आप्पा, मशीन हाय ते. वाचत न्हाई. लोकायनं काय घेतलं ते बघतंय अन् सांगतंय." न वाचता सांगतं! आणि लोक ऐकतात! तासभर मी एकटाच दुकानात बडबडत होतो.

आपण किती मूर्ख होतो, व्यंकट. न वाचलेलं पुस्तक विकायचं नाही, हा नियम कुणी घालून दिला होता आपल्याला? कुणीच नाही. दोघांनीच नांदेडला वजिराबादेत तुझ्या दुकानाच्या फळीवर बसून ठरवला आणि बत्तीस वर्षं पाळला. अर्धी पुस्तकं तू वाचायची, अर्धी मी. शेवटच्या पानात पेन्सिलीची एक ओळ लिहिलेली चिठ्ठी घालायची आणि गुरुवारच्या गाडीनं गठ्ठा पाठवायचा. तुझ्या चिठ्ठ्या मी अजून ठेवल्यात. 'पहिली पन्नास पानं सोसावी लागतील.' 'बाळंतिणीला देऊ नये.' 'लेखकानं स्वतः तरी वाचलं का?' आणि त्या विनोदी पुस्तकाची, 'एसटीत वाचू नये, लोक बघतात.' गिऱ्हाईक काही बोलायच्या आत आपल्याला माहीत असायचं, याला काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही. काय द्यायचं नाही, हे जास्त.

म्हणून तर तू दुकान बंद करून मोबाईलवाल्याला दिलंस तेव्हा माझं डोकं फिरलं. त्यात तू निरोपाच्या चहाला सगळ्यांसमोर खिशातून ते वाचायचं यंत्र काढलंस आणि म्हणालास, "गुरुपाद, बघ, आख्खं दुकान हाय यात. उचलून तर बघ." मी काय बोललो ते तुला पाठ असेल. तू पुस्तकवाला नव्हतासच कधी, नुसता माल विकणारा होतास, असं बोललो. वहिनी चहाचा कप घेऊन उभ्या होत्या, तोही घेतला नाही. लातूरपर्यंत गाडीत माझंच बरोबर होतं. अहमदपूरला जरा शंका आली होती, पण चाकूरपर्यंत गेली.

असो. मृत्युंजयचा बेत वेगळाच चाललाय. त्याला दुकानाची अभ्यासिका करायचीय. प्लायवूडच्या पंचेचाळीस खोपट्या, थंड हवा, वायफाय, चोवीस तास उघडी. गंजगोलाईच्या मागच्या आमच्या गल्लीत आधीच चार झाल्यात. पोरं डॉक्टर व्हायला येतात, खोपटीत डोकं खुपसून दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ बघतात आणि पाटीवर लिहिलेलं असतं 'वाचन कक्ष'. मी म्हणालो, मी आहे तोवर नाही. तो म्हणाला, "तुमाला होतंय तोवर बसा, आप्पा. मी कुठं न्हाई म्हणून राहिलो?" पोरगा वाईट नाही. पण 'होतंय तोवर' हे त्यानं असं म्हटलं, की मी दोन दिवस जेवणावरून भांडत होतो.

तुझ्या पंचफुलाबाई येतात बरं का. लोह्याच्या नर्सबाई, ज्यांच्यासाठी तू एक कप्पा राखून ठेवायचास. तू बंद केल्यापासून माझ्याकडे येतात, अडीच तास एसटीत बसून. त्यांच्या भारतचं तुला कळलं असेलच. गेल्या दिवाळीच्या आधी हायवेला मोटारसायकल घसरली. एकुलता एक मुलगा, गेला.

त्यांचं नंतर लिहितो.

स्वप्नालीनं, म्हणजे सुनेनं, ऑक्टोबरात माझ्या वाढदिवसाला तसलंच यंत्र आणून दिलं. तुझ्या यंत्रापेक्षा मोठं, पाटीएवढं. मी म्हणालो, हे माझ्या दुकानात आणायचं नाही. ती म्हणाली, "घरी वाचा." मी म्हणालो, घरीही नको. मग ते दुकानात कसं आलं आणि गल्ल्याखालच्या खणात याद्यांच्या खाली कसं गेलं, ते विचारू नकोस. एक दिवस दुपारी कुणी नव्हतं. उघडलं. बोटांनी ताणलं की अक्षर वाढतं. एवढं वाढतं की एका ओळीत दोनच शब्द मावतात. चार पानं वाचली, व्यंकट. आठ महिन्यांनी चार पानं. आणि मग स्वतःवरच इतका चिडलो की शेजारच्या झेरॉक्सवाल्याशी उगीच भांडून आलो.

तू बरोबर होतास असं मी म्हणत नाही. निम्मा बरोबर होतास.

आठ महिन्यांनी, हे तू दोनदा वाचलं असशील. वाच. मला वाचता येत नाही. अक्षर तुझ्यासाठी मोठं नाही काढलेलं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध खराबी आहे, चष्म्याचं काम नाही, असं डॉक्टर म्हणाले. सप्टेंबरात एकटा जाऊन आलो, घरी सांगितलं की प्रकाशकाला भेटायला चाललोय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. दोन्ही बाजूंचे कप्पे दिसतात, समोर उभं असलेलं गिऱ्हाईक दिसत नाही. त्यानं तोंड उघडलं की ओळखतो. पुस्तकं मुखपृष्ठाच्या रंगावरून काढतो. रंग कळतात अजून. घरात कुणालाच माहीत नाही. कळलं, तर सोमवारी सुतार येईल प्लायवूड घेऊन.

आता पंचफुलाबाईंचं.

डिसेंबरात त्या भारत गेल्यावर पहिल्यांदा आल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, म्हणून मला कळेना कोण उभं आहे. मग म्हणाल्या, "आप्पा, मला हसू येईल असं काय तरी द्या. घरात माणूस हसलेलं लई दिवस झाले ऐकलं न्हाई." मी एक नवं पुस्तक काढलं. पिवळंधमक मुखपृष्ठ, जत्रेतल्या पाळण्याचं चित्र. लेखक तोच, ज्याच्या पुस्तकाला तू 'एसटीत वाचू नये' लिहिलं होतंस. मी म्हणालो, हे न्या. पोट धरून हसाल. मी वाचलंय.

मी वाचलं नव्हतं. त्यात चिठ्ठी नव्हती.

गेल्या आठवड्यात मंगळवारी त्या परत आल्या. पुस्तक समोर ठेवलं. म्हणाल्या, "आप्पा, साठाव्या पानावर त्यातल्या बाईचं लेकरू पाळण्यातून पडतंय." मी पुस्तक उघडून पानं चाळल्यासारखं केलं. म्हणाल्या, "मी रागावले न्हाई. फकस्त इचारून राहिले. तुमी वाचलं व्हतं ना हे?"

तेव्हा खरं बोलायचं होतं. समोर खुर्ची होती, त्यांना बसवायचं होतं आणि सांगायचं होतं. मी म्हणालो, "हाव. वाचलं व्हतं."

व्यंकट, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुस्तक परत उचललं. म्हणाल्या, "मंग तुमच्या मनात काय तरी इचार असंल. तुमी अन् व्यंकटराव उगी कोणतं बी पुस्तक देत न्हाई. शेवटपोतर वाचते मी. रोज दोन पानं. जास्त झेपत न्हाई." आणि पिशवीत घालून गेल्या.

त्या दिवसापासून मला भाकर गोड लागत नाही. त्या बाई रोज दोन पानं औषधासारखी घेताहेत आणि बाटलीत काय आहे ते देणाऱ्यालाच माहीत नाही. पुढं त्या आईचं काय होतं? ती सावरते, की लेखकानं तिलाही विहिरीत घातलं? मी दुसरी प्रत डोळ्याला लावून बघितली, भिंग लावून बघितली, दुकानाबाहेर उन्हात धरून बघितली. नुसत्या मुंग्या. यंत्रात शोधलं, पण उदगीरच्या लहानशा प्रकाशकाचं पुस्तक, ते यंत्रात निघालेलंच नाही. स्वप्नालीला वाचून दाखव म्हणावं, तर का म्हणून विचारेल.

न वाचता सांगतं म्हणून मी त्या मोबाईलला नावं ठेवली. मोबाईल निदान 'मी वाचलंय' असं तरी म्हणत नाही. तुला मी चारचौघांत माल विकणारा म्हणालो. माल मी विकला, व्यंकट. तुझ्याच गिऱ्हाइकाला, तुझ्याच जुन्या चिठ्ठीच्या भरवशावर. तू दुकान बंद केलंस, पण खोटं सांगून एक पुस्तकही विकलं नाहीस. चुकलो मी. तीन वर्षांपूर्वीही चुकलो होतो. वहिनींनाही सांग, त्या चहाचं.

सोबतची प्रत तीच आहे. पुस्तक दोनशे पानांचं आहे. तुला एका बैठकीत होईल. वाच आणि बघ. शेवट त्या बाईंनी वाचण्यासारखा नसेल, तर ते पुस्तक मी त्यांच्याकडून परत घेणार. असला, तरीही मी वाचलं नव्हतं हे त्यांना सांगणारच. ते तू सांगायचं नाहीस, मी सांगणार, त्यांच्या दारात उभा राहून. आणि परत आलो की मृत्युंजयला डोळ्यांचं सांगणार. मग आणू दे सुताराला. तू महिन्यातून दोन गठ्ठे वाचायला तयार असलास, तर मात्र सुताराला मी दारात पाय ठेवू देणार नाही. तुझ्या यंत्राचं मी काही बोलणार नाही. यंत्रावरचं अन् कागदावरचं, दोन्ही वाच. पण हे नंतरचं. आधी लोहा.

रविवारी सकाळी आठच्या गाडीनं निघतो. गाडीची पाटी वाचता येत नाही, पण विचारून बसेन. तोंड आहे अजून, तेवढं शाबूत आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. साडेदहापर्यंत लोह्याला पोहोचेन. नांदेडहून तुला तासाभराचा रस्ता. स्टँडवर ये. पुस्तकाचा शेवट तिथंच सांग, आणि मला त्यांच्या घरापर्यंत ने.

मी गाडीतून उतरून इकडंतिकडं बघत असेन आणि तू अगदी समोर उभा असशील. बघून न बघितल्यासारखं करतोय, अजून राग धरून बसलाय, असं समजून परत फिरू नकोस. तू मला दिसणार नाहीस, व्यंकट. हाक मार.

तुझा,
गुरुपाद