यंत्रातलं वजन

१२ नोव्हेंबर १९६४, दिग्रस

एकदाचं बिऱ्हाड लागलं. यवतमाळहून एसटीनं येताना मित्रा सगळा रस्ता माझ्या मांडीवर झोपली होती. पाच महिन्यांची आहे, पण मांडी बधिर व्हावी इतकी गुटगुटीत. कापसातली सरकी काढायच्या जिनात, माल मोजायच्या काट्यावर यांची नेमणूक झाली आणि राहायला जिनाच्या आवारातलंच घर मिळालं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणीघर. जिनाच्या इंजिनावरची वीजसुद्धा आहे.

न्हाणीघरात एक नवल आहे: कपडे धुण्याचं विलायती यंत्र. मालकांनी हौसेनं मुंबईहून आणलं, बंगल्यात कोणाला आवडलं नाही, म्हणून इथे येऊन पडलं. पांढरा पत्रा, वरून झाकण, आत फिरणारा टब. भांड्याला येणाऱ्या मथुराबाईंनी त्याच्याकडे पाहून विचारलं, "मंग मले कायले ठेवता, बाई? हे डबडं धुईन सारं." वाळत कोण घालणार, असं मी म्हटल्यावर हसल्या.

१५ नोव्हेंबर

यंत्र चालतं. मित्राची दुपटी, लंगोट स्वच्छ निघाले. फक्त शेवटी पाणी पिळायला टब जोरात फिरू लागला की सगळं यंत्र हादरतं, दणके देतं आणि सरकत दारापर्यंत येतं. मित्रा घाबरून रडते.

यांनी जिनाचे फिटर खेमसिंग यांना बोलावलं. त्यांनी पाणसळ लावून पाहिली, एक पाय आखूड निघाला, त्याखाली जुन्या पट्ट्याचं चामडं घातलं. कपडे एकाच बाजूला गोळा होऊ देऊ नका, सारखे पसरा, असं सांगून गेले. मित्राचा गालगुच्चा घ्यायला विसरले नाहीत.

२१ नोव्हेंबर

आज मित्राचं जिनात वजन झालं. इथली जुनी रीत आहे म्हणे. आवारात नवं लेकरू आलं की मोठ्या काट्याच्या एका पारड्यात त्याला ठेवतात, दुसऱ्यात सरकी ओततात. दांडी सरळ झाली की हमाल एका सुरात 'सम' म्हणून ओरडतात. आम्ही धम्मदीक्षा घेतल्यापासून नवससायास सोडले आहेत, पण हा नवस नव्हे, नुसतं कौतुक, म्हणून मी हो म्हटलं. मित्रा पारड्यात बसून हसत होती.

ती सरकी त्याच दिवशी गायीला घालायची असते. यांना काट्यावरून उठायला उशीर झाला. पोतडी न्हाणीघरात ठेवली आहे. उद्या घालू.

२३ नोव्हेंबर

यंत्राचे दणके वाढले. पाय ठीक, पट्टा ठीक. शेवटी खेमसिंगनी एकही कपडा न घालता टब फिरवून पाहिला. तरी तसेच दणके, एकाच बाजूचे. त्यांनी आत हात घालून चाचपलं. काही नव्हतं.

"रिकामं हाये," ते म्हणाले, "पन एका अंगानं जड होऊन राह्यलं."

जिनातल्या चाकाला करतात तसं समोरच्या बाजूला वजन बांधू, म्हणाले. वीट ठेवली, दणके कमी झाले. दोन ठेवल्या, आणखी कमी. मग त्यांना कोपऱ्यातली सरकीची पोतडी दिसली. विटा काढून ती बांधल्याबरोबर यंत्र असं शांत झालं की झाकणावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीही हललं नाही. खेमसिंग सवयीनं मोठ्यानं बोलून गेले, 'सम'.

मथुराबाईंच्या हातातली बादली खाली पडली. सरकी कोणाची, म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्या बादली तशीच टाकून निघून गेल्या.

२४ नोव्हेंबर

मथुराबाईंना खोदून विचारलं तेव्हा बोलल्या. जिनात एकदा सम म्हटलं की सौदा झाला. या पारड्यातलं त्याचं, त्या पारड्यातलं याचं.

आणि आमच्या आधी या घरात राहत होते त्या बाबूंची मुलगी याच टबात बुडाली. टब भरून ठेवला होता, तिला टबाच्या काठावर बसवून आई दूध पाहायला गेली. मित्राएवढीच होती. "तुमच्या पोरीएवढीच भरली व्हती काट्यावर," मथुराबाई म्हणाल्या.

पोतडी काढून लगेच गायीला घातली. गायीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

२६ नोव्हेंबर

मित्रा हलकी लागते. दूध नीट पिते, हसते, ताप नाही. हे म्हणाले, मनाचे खेळ. मीच हट्टानं तिला काट्यावर नेलं. निम्मी भरली. यांनी काटा तपासला. काटा बरोबर आहे. यांचा चेहरा मात्र—

२७ नोव्हेंबर

खेमसिंगनी पुन्हा टब फिरवला. रिकामा. पोतडी नाही, वीट नाही. दणके यायला हवे होते. पेल्यातलं पाणी हललं नाही.

मग दुसऱ्या बाजूला आता कोणाचं वजन आहे?

खेमसिंगनी वायर ओढून तोडली. मित्राला छातीशी धरून मी ओट्यावर बसून राहिले.

२८ नोव्हेंबर

आज जिन बंद. इंजिन बंद, वीज नाही. तरी भर दुपारी टब फिरतो आहे. अगदी शांत, जात्यासारखा. मित्राला दुपट्यात गुंडाळून शाल बांधली आहे. वारा आला की शालच उचलली जाते. घडी केलेल्या लुगड्याएवढी—

हे टांगा आणायला गेले. यवतमाळची गाडी धरायची.

मथुराबाई म्हणतात, माल उचलण्याआधी सौदा मोडता येतो. विकणाऱ्यानं पारड्यावर हात ठेवून दांडी कलती करायची. मोडणार तर आईनंच मोडावा.

त्या ओट्यावर थांबल्या आहेत. मी आत जाते.

त्याच दिवशी

झालं. मित्राला डाव्या कडेवर घेऊन उजवा हात टबात घातला, सगळा भार देऊन दाबला. यंत्र कलंडलं, दणका दिला, थांबलं. आणि मित्रा कडेवर जड झाली. पहिल्यासारखी. आता मांडीवर आहे, मांडी बधिर होते आहे. रडू आवरत नाही. हे आले की दाखवीन—

दुपटं ओलं झालं. बदललं.

परत ओलं. केसांतून पाणी गळतं आहे. थंड पाणी—

न्हाणीघरातून रडणं येतं आहे. हे रडणं मी ओळखते. पाच महिने ऐकते आहे. माझी मित्रा आत—

मांडीवरची माझ्याकडे बघून हसते. माझं बोट धरून आहे. सोडवत नाही. उठवत नाही, एवढी जड. मथुराबाईंना हाक मारते तर आवाज—

टब पुन्हा फिरायला ला