पापडाला हात नकोत काय

आई, तुझी नात उद्या डॉक्टरकी शिकायला नागपूरला चालली आहे आणि सकाळपासून मी तिच्यावर सूचनांचा नुसता भडिमार करते आहे. जाडजूड पुस्तकं सगळी विकत घेऊ नकोस, निम्मी सीनियरकडून मिळतात, हाडांचा संचसुद्धा. डिसेक्शनला उपाशीपोटी जाऊ नकोस, चक्कर येते. समजलं नाही तर त्याच दिवशी विचार, उगाच मान डोलवू नकोस. झोप मोडून अभ्यास होत नाही. ती मोबाइल बघत ऐकते. मग मध्येच म्हणाली, "तुला आजीने काय सांगितलं होतं गं?" मी गॅस बंद करायला उठले. गॅस बंदच होता.

जाताना तू काहीच सांगितलं नव्हतंस. पोह्याच्या पापडांचा डबा हातात दिलास आणि एसटीत बसवलंस. बोललीस ती नंतर, पहिल्याच वर्षी मी मुंबईहून पळून आले तेव्हा. चाचणीत नापास झाले होते, वर्गातलं इंग्रजी डोक्यावरून जायचं, हॉस्टेलवर रडायलाही कोपरा नव्हता. कुणाला न सांगता आपल्या गावी, कासूला उतरले. नेमकी त्या दिवशी पापडांची पाळी आपल्या घरची. आळीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन ओटीवर बसलेल्या, आणि मी बॅग घेऊन दारात.

"डाक्टरीण मधेच कशी आली गो?" शेजारच्या काकूंनी विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू पीठ कुटताना मानही वर केली नाहीस.

"मीच बोलावली. पापडाला हात नकोत काय?"

पापड लाटायला कोणी पोरीला कॉलेजातून बोलावत नाही, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी एकीनेही पुढे काही विचारलं नाही. काकूंनी सरकून मला जागा करून दिली. माझे पापड वेडेवाकडे व्हायचे, तू ते उचलून पुन्हा लाटायचीस. "हातात जोर नाय काय?" म्हणून सगळ्यांसमोर ओरडलीसही. दुपारी अंगणात पापड वाळत घालताना मात्र हळूच म्हणालीस, "नाय जमला तर नाय जमला. घर हाय." त्या आठवड्यातच मी परत गेले. तू तसं म्हणाली नसतीस तर गेले नसते.

आता बॅगा भरून झाल्यात. हे रोह्याहून कंपनीतली शिफ्ट संपवून येतीलच, आणि मी या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. परवा तिने विचारलं, "नाहीच आवडलं तर?" मी घाईने म्हटलं, "आवडेल." तिने मान खाली घातली. तेव्हापासून जिवाला चैन नाही. तुझं वाक्य तिला द्यायला हवं, कळतंय मला. पण मी म्हटलं आणि ती खरंच परत आली तर?

तू गेल्यावर हे पत्र टाकणार तरी कुठे, उशीखालीच राहील. तुला भीती वाटली नसेल, असंच मी इतकी वर्षं धरून चालले. पण ते बोलताना तू माझ्याकडे बघत नव्हतीस, पापडांकडे बघत होतीस. ते मला आज आठवलं, आई.