देवाला मोठ्यानं सांगायचं

माय, आज डोळ्यांत औषध घालून घ्यायला दवाखान्यात गेले होते. तिथून आल्यापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तुला वाचता येत नव्हतं आणि मलाही नातीनं आत्ता म्हातारपणी अक्षरं शिकवली. हे कागद पाठवायचे कुठे, हा प्रश्न आहेच, तरी लिहिते.

जुन्या सराईतला तोच दवाखाना. त्याच्या कमानी नव्यानं बांधत होते तेव्हा आपण दोघी इंझोरीहून कामाला आलो होतो. तू चुना कालवायचीस, मी कमानीखाली उभी राहून पाट्या वर द्यायचे. माझ्या पोटात तुझा थोरला नातू होता. एका सकाळी बांबूंच्या परांचीवरून फळी सुटली आणि अगदी माझ्या पुढ्यात आदळली. तू धावत येऊन मला चाचपत होतीस, आणि मिस्त्री नारळ घेऊन कोपऱ्यातल्या मारोतीकडे निघालासुद्धा. त्याची रीतच तशी होती. काही पडलं की मुकाट्यानं नारळ फोडायचा आणि काम पुरं होईपर्यंत त्या पडण्याचं नाव काढायचं नाही; बोललं की अपशकुन. ओव्हरसियर साहेब पाहणीला आले की सगळे "ठीक हाये" म्हणत माना डोलवत. जो बोलेल त्याला घरची वाट धरावी लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी नारळ फुटायच्या आत साहेब आले. मला आजही दिसतंय, तू मारोतीपुढे आडवी उभी आहेस, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत पांढरे.

"मिस्त्री, नारळ असा मुक्यानं फोडतेत काय? ज्याच्या हातून पडलं त्यानं फोडा लागते, अन् काय पडलं ते देवाले मोठ्यानं सांगा लागते. आमच्या इंझोरीत तं असंच करतेत."

"कोनं सांगतलं तुले?"

"देवालेच इचार!"

देवाचं नाव निघाल्यावर मिस्त्रीनं नारळ पुढे केला. मेडशीचा एक तरणा गवंडी चाचरत पुढे आला, नारळ हातात घेऊन पुटपुटला.

"मोठ्यानं बोल," तू ओरडलीस, "देव म्हातारा झाला!"

"मारोतीराया, माह्या पायाखालची फळी सुटली. वरचा दोर कुजला हाये. काम जाईन म्हनून मी चूप राह्यलो."

साहेबांनी लगेच दोर सोडायला लावला, तर त्याचा हातात भुगा झाला. माझ्या डोक्यावरची सगळी परांची त्याच दोरावर होती. तू रडायच्या ऐवजी खो खो हसत सुटलीस. मग काय, सगळ्यांनाच कंठ फुटला. कुणाची पाटी निसटली होती, कुणाची थापी पडली होती. जो तो देवाला सांगायला पुढे, आणि नारळ एकच! साहेब हसता हसता म्हणाले, आता रोज सांगत जा. कुणाचंही काम गेलं नाही. खोबरं खाताना मी इतकी आनंदात होते की पोटातलं पोरही नाचत होतं.

घरी जाताना मी विचारलं, "माय, आपल्या गावात खरंच असं करतेत?"

"आपल्या गावात नारळ कुठं भेटते वं? चाल मुकाट्यानं!"

आज दवाखान्याला नव्या खोल्या बांधताहेत. मी ओसरीवर बसले होते, तेवढ्यात एक गवंडी मारोतीपुढे नारळ घेऊन उभा राहिला आणि हातोडी कशी सुटली, कुणाच्या जवळ पडली, सगळं मोठमोठ्यानं सांगू लागला. बाकीचे काम थांबवून ऐकत होते. नवे साहेब कौतुकानं म्हणाले, "आजी, ही चाल कधीपासूनची?"

तुझं नाव ओठांवर आलं होतं, माय. चाल देवाची नाही, तुझी आहे म्हटलं असतं, तर उद्यापासून गवंड्यांनी ती पाळली नसती.

"लय जुनी हाये साहेब," मी म्हटलं, "देवानंच सांगतली."