स्टॅन्लीचा राउंड

कोल्न, लँकशायर
४ फेब्रुवारी

चि. क्लिफर्ड यास अ. उ. आ.

ऑक्टोबरात तुझी सत्तरी झाली, त्यानंतर तुझी एक ओळ नाही. नाताळचं कार्डही नुसत्या सहीचं. एवढा राग कसला ते मला कळेना. पण रुसायला आता वेळ उरलेला नाही, म्हणून मीच लिहिते. स्टॅन्लीची फुप्फुसं गेलीत. यंदाचा वसंत ऋतू काही त्याला दिसायचा नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

तो तुझं नाव काढत नाही, पण टपाल पडलं की आधी पाकिटावरचं अक्षर बघतो. माझा नवरा तो नंतर झाला, शाळेतला तुझ्या बाकावरचा दोस्त आधीचा. ये रे बाबा.

तुझी वाट बघणारी,
म्युरिएलताई

फुलहॅम, लंडन
९ फेब्रुवारी

ती. म्युरिएलताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, येतो. तरी मनातलं लिहितोच; ते पोटात ठेवून आलो तर भेट खोटी होईल.

माझ्या सत्तरीच्या संध्याकाळी इथल्या पबमध्ये आम्ही पाच जण होतो. चौघांनी एकेक राउंड घेऊन सगळ्यांना पाजलं. पाचवा स्टॅन्लीचा. चारही राउंड प्यायला, आपली पाळी आली तसा काउंटरपर्यंत गेला, आलोच म्हणाला आणि कोट घालून जो बाहेर पडला तो आलाच नाही. तुम्हा उत्तरेकडच्यांच्या खिशाला कुलूप असतं, असं माझे दोस्त माझ्या तोंडावर म्हणाले. मी हसण्यावारी नेलं, पण फार लागलं. राउंड चुकवणाऱ्याशी बोलायचं नाही, हे आपल्या बाबांनी आपल्याला चालायच्या आधी शिकवलं. परका असता तर विसरलो असतो.

रागावू नकोस.
तुझा क्लिफर्ड

कोल्न
१३ फेब्रुवारी

चि. क्लिफर्ड यास अ. उ. आ.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडला. संध्याकाळी आपणहून बोलला.

तुझ्याकडे निघताना त्यानं राउंडसाठी म्हणून वीस पौंडांची नोट वरच्या खिशात वेगळी ठेवली होती. आमच्या इथल्या वीव्हर्स पबमध्ये बिअरचा पिंट, म्हणजे मोठा ग्लास, तीन पौंड वीसला. विसात पाच ग्लास येतात आणि वर शेंगदाण्याची पुडी. तुझ्या पबात काउंटरला गेल्यावर त्यानं पाटी वाचली : एका पिंटचे सहा पौंड नव्वद. बँकेचं कार्ड माझ्यापाशी, कारण त्याला ते वापरता येत नाही. बाकी खिशात परतीचं तिकीट तेवढं.

क्लिफकडे मागायचे होतेस, असं मी म्हटलं. तर म्हणे, ज्याचा वाढदिवस त्याच्याकडूनच पैसे घेऊन त्यालाच पाजू? लाजेनं बाहेर पडला आणि लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत म्हणून युस्टन स्टेशनापर्यंत चालत गेला. त्या फुप्फुसांनी, क्लिफ! मला मात्र तेव्हा सांगितलं, गर्दी सोसवली नाही. कुणाच्या पाठीत आधी रट्टा घालू, तुझ्या की त्याच्या?

लवकर नीघ.
ताई

फुलहॅम
२१ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

सुखरूप परत पोचलो. मी स्टॅन्लीला वीव्हर्सला नेलं तेव्हा तू घरी थांबलीस, म्हणून तिथलं लिहितो.

चाळीस वर्षं लंडनला राहून मला ती दरांची पाटी दिसेनाशी झाली होती. क्षमा मागायची म्हणून तुमच्याकडे येताना गाडीत शब्द जुळवत होतो. त्यानं मागूच दिली नाही. चाकांची खुर्ची काउंटरला न्यायला लावली आणि फुटबॉलच्या गप्पा काढल्या. जुने दोघे-तिघे तिथे होतेच. त्यानं सगळ्यांसाठी बिअर सांगितली आणि ती वीसची नोट पुढे केली. माझा हात सवयीनं खिशात गेला होता. तो मी रिकामा बाहेर काढला, ताई. एवढं अवघड काम मी जन्मात केलेलं नाही. त्यानं नुसते ओठ ओले केले. मी मात्र माझा ग्लास तळापर्यंत संपवला.

स्वतःला जप.
तुझा क्लिफ

कोल्न
२८ फेब्रुवारी

चि. क्लिफ यास अ. आ.

परवा पहाटे स्टॅन्ली गेला हे फोनवर सांगितलं, पण पुढचं तुझ्या रडण्यात राहून गेलं.

तू निघालास त्या दुपारी त्यानं मला उशाशी बसवलं. म्हणाला, तुझा भाऊ लंडनला जाऊन एवढा साहेब झाला, पण मेला अजून दुसऱ्याच्याच पैशानं पितो. आणि हसला, पार धाप लागेपर्यंत हसला. ऑक्टोबरापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

माया आहे तशीच ठेव.
ताई