उलटलेल्या तीनचाकीचा खुलासा

दिनांक : ७ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. परिवहन अधिकारी (वाहन तपासणी),
परिवहन कार्यालय, वसई तालुका, जि. पालघर.

अर्जदार : श्रीमती फ्लॉसी तुस्कानो, वय ५६, व्यवसाय शिलाई मशीन दुरुस्ती, रा. नंदाखाल.

विषय : घरी बांधलेली तीनचाकी मोडीत न काढता, ती बांधणाऱ्या बाईच्या ताब्यात देण्याबाबत.

संदर्भ : १) श्री. स्टॅनी डाबरे यांची दि. २० जानेवारीची तक्रार. २) आपली दि. ३१ जानेवारीची नोटीस.

महोदय,

सदर तीनचाकी उलटून श्री. स्टॅनी डाबरे यांचे गळ्याजवळचे हाड मोडले, त्यास वाहनाची सदोष रचना कारणीभूत आहे काय, असे आपण नोटिशीत विचारले आहे. रचनेत दोष नाही. गाडी उलटणार हे अर्जदाराला आधीच ठाऊक होते आणि तिने ते सांगितले नाही. खुलासा खरे तर एवढाच. पण एवढ्यावर थांबल्यास गाडीवर अन्याय होईल, म्हणून पुढील मजकूर सादर करीत आहे.

१. अर्जदाराचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. निर्मळ, आगाशीपर्यंत घरोघरी जाऊन मशीन दुरुस्त करायची, तर हत्यारांची पिशवी आणि कुबडी एकदम सांभाळणे कठीण. श्री. स्टॅनी हे अर्जदाराचे मावसभाऊ; नालासोपाऱ्यात त्यांचे वेल्डिंगचे दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी अर्जदार त्यांच्याकडे तीनचाकी बांधून मागायला गेली. तेव्हा ते कामगारांसमोर म्हणाले, "फ्लॉसी, तू आपली सुईत दोरा ओव. गाडी म्हणजे काय बॉबिन वाटली तुला?" सगळे हसले. अर्जदारही हसली, आणि घरी येऊन त्याच रात्री वहीत पहिले चित्र काढले.

२. सांगाडा जुन्या सायकलींचा, चाके भंगारातली, मोटार बॅटरीवरची. प्रथम मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली. गाडी वळेचना, सरळ शेजाऱ्यांच्या जास्वंदीत शिरली. म्हणून मोटारीचा जोर एकट्या डाव्या चाकाला दिला आणि उजवे मोकळे सोडले. आता वळू लागली, पण सुरू होताना उजवीकडे ओढायची. मोटार हळूहळू जोर घेईल अशी जोडणी केल्यावर ती खोड गेली. मग विहिरीजवळच्या वळणावर गाडी अर्जदारासकट केळीच्या आळ्यात आडवी झाली. कोपर सोलले. अर्जदार तिथेच बसून विचार करू लागली, की बिडाच्या पायांचे जुने मशीन कितीही जोरात चालवले तरी पडत का नाही? त्याचे वजन खाली असते म्हणून. घरात आईचा पाटा होता, बावीस किलोचा. तो सीटखाली, मागच्या चाकांच्या मधोमध, पट्ट्यांनी आवळून बसवला आणि सीट खाली घेतली. त्यानंतर चौदा महिन्यांत गाडी एकदाही कलली नाही.

३. गेल्या ऑगस्टमध्ये सांगाड्याला चीर गेली. वेल्डिंग घरी होत नाही, म्हणून अर्जदाराने गाडी श्री. स्टॅनी यांच्याकडे नेऊन दिली. आठ दिवस म्हणाले होते. पुढे आज वीज नाही, उद्या माणूस नाही, असे करत डिसेंबर उजाडला. अर्जदार कुबडी घेऊन दुकानात गेली, तर गाडी निळी रंगवलेली, सीट चार इंच उंच करून चकचकीत कव्हर घातलेले, आणि बाजूला मोठ्या अक्षरांत "स्टॅनीची तीनचाकी". गावच्या प्रदर्शनात मांडणार होते. अर्जदाराने गाडी मागितली. ते म्हणाले, "चाकं भंगारातली, मोटार बाजारातली. यात तुझं काय आहे? कागद दाखव."

कागद नव्हता. अर्जदार निघाली, तेव्हा दाराशी पायरी म्हणून टाकलेला दगड दिसला. त्यावर आईच्या पाट्याच्या टाकीच्या खुणा होत्या. येणारेजाणारे त्याला चपला पुसत होते. सीटखाली आता काय उरले आहे, हे अर्जदाराला तत्क्षणी कळले. सांगावे असे ओठांवर आले होते. इतक्यात मागून श्री. स्टॅनी कामगाराला म्हणाले, "अरे, बाईला रिक्षात बसवून दे, नाहीतर इथेच लंगडत बसेल." अर्जदाराने तोंड मिटले.

४. दि. १२ जानेवारी रोजी, रविवारी, प्रदर्शन होते. अर्जदार पुढच्या रांगेत बसली होती. आपण कशासाठी आलो आहोत हे तिला पक्के माहीत होते आणि त्याची लाज वाटत नव्हती. पण श्री. स्टॅनी यांनी भाषण करून चांदीपच्या उन्नती नावाच्या मुलीला पुढे बोलावले. तिचे दोन्ही पाय अधू आहेत आणि तिने अशाच गाडीची मागणी त्यांच्याकडे नोंदवली होती. पहिला फेरा ती मारणार, असे जाहीर झाले. पोरगी आनंदाने लाल झाली होती. तिची आई फोनवर चित्रण करायला उभी राहिली.

खरे सांगितले असते तर श्री. स्टॅनी पाटा पुन्हा बसवून मोकळे झाले असते आणि गाडी कायमची त्यांची झाली असती. गप्प बसावे तर पोरगी पडते. अर्जदार कुबडीवर उठून मोठ्याने म्हणाली, "थांबा! पहिला फेरा बनवणाऱ्याचा. का रे स्टॅनी, तूच बनवलीस ना? की भीती वाटते?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्री. स्टॅनी उन्नतीला बाजूला करून ऐटीत बसले. मैदानाच्या पहिल्याच डाव्या वळणावर मागचे डावे चाक उचलले गेले आणि नव्वद किलोंचे श्री. स्टॅनी उजव्या खांद्यावर आदळले. सर्वांत आधी अर्जदार पोहोचली. तिने प्रथम गाडीचा सांगाडा तपासला. वेल्डिंग चांगले धरले होते, हे श्री. स्टॅनी यांच्या बाजूने नमूद करते.

५. पाच महिने जी गाडी त्यांची होती, ती उलटताच अर्जदाराची झाली. तक्रारीत त्यांनी स्वतःच्या सहीने लिहिले आहे की, "सदर वाहन संपूर्णपणे फ्लॉसी तुस्कानो हिने बांधलेले असून माझा त्याच्याशी संबंध केवळ वेल्डिंगपुरता आहे." साहेब, हाच तो कागद. डिसेंबरात त्यांनी मागितला होता, जानेवारीत स्वतःच लिहून दिला. त्याची साक्षांकित प्रत मिळावी.

गेल्या आठवड्यात त्यांची पत्नी सँड्रा घरी आली होती. म्हणाली, "झोपत नाही गं तो. सारखं एकच, उलटली कशी? तुला माहीत असेल तर सांग ना." अर्जदाराने तिला चहा-पाव दिला, पाट्याचा विषय काढला नाही. सँड्रा भली बाई आहे. तिला रिकाम्या हाताने पाठवल्याचे तेवढे वाईट वाटले.

६. तरी विनंती की, आपल्याकडे जमा असलेली गाडी मोडीत काढू नये. पाटा दुकानाच्या दारातून आपल्या माणसाकरवी आणवून जागेवर बसवावा, सीट खाली घ्यावी, आणि मग हव्या त्या वळणावर तपासणी करावी. चालवायला अर्जदार स्वतः बसेल. नोंदणीस काय लागते ते कळवल्यास पूर्तता करीन. गप्प राहिल्याबद्दल जी कारवाई होईल ती मान्य आहे; मात्र ती अर्जदारावर व्हावी, गाडीवर नको. उन्नतीने श्री. स्टॅनी यांच्याकडची मागणी रद्द केली असून तिची मापे अर्जदाराने घेतली आहेत.

शेवटचे एक. या खुलाशाची प्रत श्री. स्टॅनी यांना देऊ नये. हाड सहा आठवड्यांत जुळेल असे डॉक्टर म्हणतात. गाडी का उलटली, हा प्रश्न त्यांच्याकडेच राहू द्यावा. प्रत देणे नियमानुसार भागच असेल, तर ती अर्जदाराच्या हातून द्यावी आणि ते वाचून होईपर्यंत अर्जदाराला समोर बसू द्यावे.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,
नम्र,
(सही)
फ्लॉसी तुस्कानो

सोबत : नोटिशीची प्रत, रचनेच्या चित्रांच्या वहीची अकरा पाने (मूळ आहेत, काम झाल्यावर परत मिळावीत).