खिडकी मी स्वतः लावली

प्रिय सूनबाई,

बदलीच्या गावी घर एव्हाना लागलं असेल. दर रविवारी फोनवर तू आधी माझं जेवण नाही विचारत, खिडकी विचारतेस. “बाबा, कडी नीट बसते ना?” तुझंही बरोबरच आहे. शाळेत पाठ केलेल्या कवितांमधल्या वाऱ्यावर अख्खा जन्म काढलेला माणूस मी. बंद खिडकी दिसली की मलाच कोंडल्यासारखं होतं. असा सासरा एकटा मागे ठेवून गेल्यावर तुझा जीव खालीवर होणारच.

गेल्या वर्षीची ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. कापड गिरणीतला क्लोरीनचा सिलिंडर गळायला लागला, भोंगा वाजला आणि सगळी गल्ली उताराने नदीकडे धावत सुटली. मीही चपला शोधत होतो. तू दाराला पाठ लावून उभी राहिलीस. “बाबा, हा वायू हवेपेक्षा जड. उताराने खालीच जाऊन बसतो. आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत, इथून हलायचं नाही.” तळमजल्यावरच्या शिंप्याला नि त्याच्या बायकोला तू जवळजवळ ओढतच वर आणलंस. पंखा बंद, खिडक्या बंद, फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. शिंपी घाबरला होता, तरी जीभ गप्प बसेना. “वहिनी, आम्हाला काय बरणीत भरून ठेवताय?” तू म्हणालीस, “हो, आणि झाकणाला हात लावून तर बघा!”

मग त्याच्या बायकोला धाप लागली, नुसत्या भीतीने. एरवी माझं दुसरं कडवं सुरू झालं की “बाबा, भाजी करपेल हो” म्हणत स्वयंपाकघरात पळणारी तू, तूच म्हणालीस, “बाबा, कविता म्हणा. सावकाश. ओळ संपली की थांबा.” चौथीतली म्हटली, पाचवीतली म्हटली. ओळीगणिक तिचा श्वास संथ होत गेला. माझ्या पाठांतराचा असा उपयोग उभ्या आयुष्यात कुणाला सुचला नव्हता, पोरी! धोका टळल्याची घोषणा होईपर्यंत तू कडीला कुणाला शिवू दिलं नाहीस. झाल्यावर मात्र सगळ्या खिडक्या तूच सताड उघडल्यास.

हे आज लिहितोय, कारण काल भोंगा पुन्हा वाजला. घाबरू नकोस, पुढे वाच. खिडकी मी स्वतः लावली. टॉवेल भिजवून दाराखाली सारला. शिंपी जोडी मी हाक मारायच्या आत वर हजर. “काका, पट्टी वाकडी गेली. वहिनींनी उसवायला लावली असती,” म्हणत त्याने ती सरळ केली. तिघं भिंतीला टेकून बसलो, आणि त्याची बायको म्हणाली, “काका, करा सुरू.” आम्ही सगळे सुखरूप आहोत. फोनवर सांगायला गेलो असतो तर गळा दाटला असता, आणि तुला वाटलं असतं, वायूच आत गेला.

तुझाच,
कडी लावायला शिकलेला सासरा